पुण्यात जहाजाचा पूर्ण आकाराचा मॉकअप : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मॉकअप, म्हणजे जहाजातल्या एखाद्या भागाची पुठ्ठा-प्लायमधली पूर्ण मापाची नक्कल, करायचा म्हटलं की पुण्यात समुद्र नाही, हे पहिल्याच बैठकीत कोणीतरी ऐकवतंच. मान डोलवा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा. फारच ताणलं तर सांगा, की अमेरिकेच्या नॉटिलस पाणबुडीची अणुभट्टी १९५३ साली आधी आयडाहोच्या वाळवंटात, पाणबुडीच्याच सांगाड्याच्या पूर्ण आकाराच्या तुकड्यात चालवून बघितली होती. आपलं काम तर त्याहून कितीतरी साधं आहे. ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) उभ्या माणसाचा हात थ्रॉटलपर्यंत (इंजिनाचा वेग बदलायच्या दांड्यापर्यंत) पोचतो का, इंजिन रूममधला फिल्टर काढताना कोपर कुठे आपटतं, जखमी माणसाला स्ट्रेचरवरून जिन्यानं वर आणता येतं का, हे बघायला पाणी लागत नाही. भोसरीतला एखादा गाळा, पुठ्ठा, प्लाय, दोन चांगले सुतार आणि जहाजावर घाम गाळलेली चार माणसं मिळाली की काम सुरू होतं.

डिझाइन ऑफिसात नुकतेच लागलेले इंजिनीयर, इंडस्ट्रियल डिझाइनची मुलं आणि ‘तू जरा ते ह्यूमन फॅक्टर्सचं (जागा आणि यंत्रं माणसाला सोयीची आहेत का, ते) बघ’ असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

१. आधी प्रश्न लिहा, मग लाकूड आणा

‘ब्रिज कसा वाटतोय ते बघू’ हा प्रश्न नव्हे. ‘हेल्मवर (जहाज वळवायच्या जागी) बसलेल्या माणसाला रडार आणि रडर-अँगलचा (सुकाणूच्या कोनाचा) दर्शक मान न वळवता दिसतो का’ हा प्रश्न. ‘प्युरिफायरचा (तेल स्वच्छ करणाऱ्या यंत्राचा) बाउल उचलून बाहेर काढताना वरच्या केबल ट्रेला लागतो का’ हाही प्रश्न. असे दहा-बारा प्रश्न कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा, की याचं उत्तर मिळवायला कोणकोणत्या गोष्टी खऱ्या मापाच्या असायला हव्यात. निम्मं सामान इथेच वाचतं. बाउल काढायचा असेल तर प्युरिफायरचा रंग, त्यावरची पाटी, शेजारच्या पंपाची शोभा यातलं काहीच लागत नाही. लागते ती उंची, वरचा ट्रे, बाजूचे पाइप आणि उभं राहायची जागा.

याच पायरीवर एक सापळा आहे. वरिष्ठांच्या मनात बऱ्याचदा ‘ग्राहक येतील तेव्हा दाखवायला’ असा मॉकअप असतो. दाखवायचा आणि तपासायचा मॉकअप एकच ठेवू नका. रंगवलेल्या, पॉलिश मारलेल्या कन्सोलला करवत लावायची हिंमत कोणी करत नाही, आणि ज्या मॉकअपवर करवत चालली नाही तो फुकट गेला असं मी समजतो.

वेळही इथेच ठरवा. जनरल अरेंजमेंट (जहाजात काय कुठे, याचा एकूण आराखडा) साधारण स्थिरावलेली असावी, पण स्टील कापायला सुरुवात झालेली नसावी आणि मोठ्या यंत्रांच्या ऑर्डरी गेलेल्या नसाव्यात. त्यानंतर केलेल्या मॉकअपमधून फक्त हळहळ मिळते.

२. कागदपत्रं जमवा

काम सुरू होण्याआधी हे हातात हवं:

- जनरल अरेंजमेंट आणि ज्या भागाचा मॉकअप करायचा त्याचे सेक्शन. त्यावर रिव्हिजन नंबर आणि तारीख ठळक हवी.
- यंत्रांची यादी आणि प्रत्येकाचं पुरवठादाराकडून आलेलं बाह्य मापांचं ड्रॉइंग. थ्रीडी मॉडेलमधल्या ठोकळ्यावर विसंबू नका.
- कोणत्या वेळी किती माणसं कुठे असतील याचा तक्ता.
- देखभालीची पुस्तिका. काय काढायचं, किती वजनाचं, किती वेळानं.
- नियम : सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला २२ वा नियम (ब्रिजवरून दिसणं), ब्रिजच्या अर्गोनॉमिक्सबद्दलचं (माणसाला सोयीच्या मांडणीबद्दलचं) आयएमओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं, २००० सालचं परिपत्रक ९८२, राहण्याच्या जागांसाठी एमएलसी २००६ (जहाजावरच्या कामगारांचा करार), सुटकेच्या वाटांसाठी एफएसएस कोडचं (आगीपासून सुरक्षेच्या नियमावलीचं) १३ वं प्रकरण, आणि तुमच्या क्लास सोसायटीचे (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे) नियम. एकूण मार्गदर्शनासाठी एएसटीएम एफ ११६६ हे मानक उपयोगी पडतं.
- जहाज संरक्षण खात्याचं असेल तर फोटो, व्हिडिओ आणि बाहेरची माणसं आत आणण्याची लेखी परवानगी. तोंडी ‘हो हो, करा’ चालत नाही. कॅमेरा बाहेर ठेवावा लागणार असेल तर ते चाचणीच्या सकाळी कळून उपयोग नाही.

थ्रीडी मॉडेलबद्दल एक इशारा. मॉडेलमध्ये पाइप बऱ्याचदा उघडा दाखवलेला असतो. प्रत्यक्षात त्यावर लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण) चढतं, फ्लँज (जोडाची रुंद कड) येतो, फ्लँजचे बोल्ट काढायला स्पॅनर फिरावा लागतो. मॉडेलमध्ये ऐसपैस वाटणारी वाट लॅगिंग चढल्यावर आडवं होऊन जायची होते. तेव्हा पाइपचं माप विचारताना ‘लॅगिंगसकट’ हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारा.

३. माणसांची मापं

सरासरी माणसासाठी डिझाइन करू नका. सरासरी उंचीला बसणारा दरवाजा निम्म्या लोकांच्या डोक्याला लागतो. रीत अशी, की जिथे पोचायचं आहे तिथे लहान चणीची व्यक्ती धरायची आणि जिथे मावायचं आहे तिथे थोराड. लहान म्हणजे स्त्रियांमधला पाचवा पर्सेंटाइल (शंभरात पाचच जणी जिच्याहून लहान), मोठी म्हणजे पुरुषांमधला पंच्याण्णवावा (शंभरात पाचच जण ज्याच्याहून मोठे). आता नौदलात आणि व्यापारी जहाजांवर मुली आहेत, त्यामुळे ‘आमच्याकडे सगळे पुरुषच’ हे उत्तर आता चालणार नाही.

परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलू नका. भारतीयांच्या शरीरमापांचा संग्रह अहमदाबादच्या एनआयडीतून (राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून) १९९७ साली प्रसिद्ध झाला, तो आपल्याकडच्या डिझाइनवाल्यांच्या कपाटात असतोच. मात्र जहाज निर्यातीचं असेल तर त्यावर चढणारी माणसं कुठली, हे आधी विचारून घ्या.

तक्त्यातली मापं साधारणपणे अनवाणी, कमी कपड्यांतल्या माणसाची असतात. सेफ्टी बूट आणि हेल्मेट मिळून उंचीत दहा सेंटिमीटरच्या आसपास भर पडते. एमएलसीनं केबिनमध्ये डोक्यावर किमान २०३ सेंटिमीटर मोकळी जागा सांगितली आहे. उंच माणूस बूट-हेल्मेटसकट त्याखाली उभा केलात, की हे २०३ किती तोकडं आहे ते कळतं. आणखी एक : जो उंचीनं पंच्याण्णवावा तो हातानंही पंच्याण्णवावाच असेल असं नाही. प्रत्येकाची उंची, डोळ्यांची उंची, हाताची पोच आणि खांद्यांची रुंदी तुम्ही स्वतः मोजा आणि नोंदवा.

४. किती खरा हवा?

सगळ्यात स्वस्त मॉकअप म्हणजे जमिनीवर मास्किंग टेप. गाळ्यात ब्रिजचा आराखडा पूर्ण मापात आखा, खुर्च्या ठेवा आणि माणसांना फिरू द्या. वाटा, वळणं, कोण कोणाच्या अंगावर येतो हे इथेच कळतं. निम्मे वाद टेपवर मिटतात. दुसरी पायरी पुठ्ठा आणि सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) : उंची, पोच आणि नजर यासाठी. तिसरी प्लाय आणि लोखंड : जिथे वजन पडणार, चढायचं-उतरायचं, ओढायचं आहे तिथे. चौथी म्हणजे चालू स्क्रीन आणि खरी बटणं.

चौथ्या पायरीचा मोह लवकर होऊ देऊ नका, पण ती टाळूही नका. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ यूएसएस जॉन मॅककेन ही विनाशिका एका टँकरला धडकली आणि दहा नौसैनिक गेले. स्टीअरिंग आणि थ्रॉटलचा ताबा टचस्क्रीनवरून एका कन्सोलकडून दुसऱ्याकडे देताना नेमका कोणता ताबा कोणाकडे आहे याचा गोंधळ झाला होता. पुढे अमेरिकी नौदलानं थ्रॉटलसाठी पुन्हा हातात धरायचे दांडे आणायचं ठरवलं. असा गोंधळ कागदी पॅनेलवर कधीच सापडला नसता. कागदावरचं बटण कोणाच्याही ताब्यात असतं. तेव्हा प्रश्न ‘पोचतं का, दिसतं का’ असा असेल तर फ्लेक्सवर छापलेलं पॅनेल पुरे. प्रश्न ‘आत्ता ताबा कोणाकडे’ असा असेल तर चालती स्क्रीनच हवी, भले ती दोन टॅब्लेटवर जोडजाड करून का होईना.

व्हीआर गॉगल वापरा की नको, असं हमखास विचारतात. नजरेच्या रेषा आणि खोलीचा एकूण अंदाज यासाठी जरूर वापरा. पण गॉगलमधल्या पाइपवर कोपर आपटत नाही.

५. जागा, सामान आणि सुतार

इथे पुण्याचा फायदा आहे, आणि तो बाहेरच्यांना माहीत नसतो.

आपल्याकडे गणपतीचे देखावे उभे करणारी माणसं आहेत. थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत, प्लाय-रीपा-कापड वापरून पूर्ण आकाराचा राजवाडा उभा करायचा आणि नंतर तितक्याच वेगानं उतरवायचा, हे त्यांचं रोजचं काम. फर्निचरचा सुतार सांधा कायमचा करतो, डिंक लावतो, पॉलिशचा विचार करतो. देखाव्याचा मिस्त्री स्क्रूवर काम करतो आणि ‘साहेब, हे उद्या हलवायचंय ना?’ असं स्वतःहून विचारतो. मॉकअपला हाच माणूस हवा. फक्त वेळ सांभाळा. आषाढ संपत आला की ही मंडळी कोणाचीच नसतात आणि अनंत चतुर्दशीपर्यंत फोन उचलत नाहीत. त्यानंतर मात्र माणसंही मोकळी असतात आणि वापरलेला प्लायही स्वस्तात मिळतो.

सामानाचे पत्ते ठरलेले. प्लाय, रीपा आणि बल्ल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, साखळ्या बोहरी आळीत. व्हॉल्व्हची जुनी चाकं, प्रेशर गेज, टॉगल स्विच, जाड लोखंडी हँडल यांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. खऱ्या चाकाची पकड पुठ्ठ्याच्या चकतीला येत नाही. पाइपसाठी पीव्हीसी, लॅगिंगसाठी त्याला गुंडाळलेला फोम. थर्माकोल टाळा. सजावटीसाठी त्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसंही हात लागला की तो चुरतो.

साधनांची यादी छोटी आहे : लेझर लेव्हल, ओळंबा, काटकोन, मिलिमीटरचा टेप, ड्रिल मशीन, जिगसॉ, मास्किंग टेप तीन रंगांत, केबल टाय, लक्समीटर, दोन कॅमेरे, आणि वजनकाटा.

मिलिमीटरचा टेप मुद्दाम लिहिला. मिस्त्रींच्या खिशातला टेप इंच-सुताचा असतो आणि ड्रॉइंग मिलिमीटरचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. ‘सहा सूत इकडंतिकडं चालतंय की’ हे वाक्य कपाटाच्या बाबतीत खरं असेल. पण तेलवाहू जहाजाच्या टाकीत उतरायचं तोंड नियमानं किमान ६०० बाय ६०० मिलिमीटरचं असतं, आणि त्यातून पाठीवर श्वसनयंत्र घेतलेला माणूस जायचा असतो. तिथे सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटर, आणि तेवढ्यात सिलिंडर अडकतो किंवा सुटतो. सगळ्या मिस्त्रींना मिलिमीटरचे टेप तुम्हीच विकत आणून द्या आणि इंचांचे गोळा करून ठेवा. हसतील, हसू द्या.

पावसाळ्यात गाळ्याची जमीन ओली राहते, टेप चिकटत नाही, पुठ्ठा मऊ पडतो आणि प्लाय फुगतो. जून ते सप्टेंबर काम करायचंच असेल तर खाली पॅलेट टाकून त्यावर प्लायची जमीन करा.

६. उभारणी

आधी जमिनीवर दोन रेषा : जहाजाची मध्यरेषा आणि एक फ्रेम (सांगाड्याच्या एका आडव्या फासळीची जागा). सगळी मापं या दोन्हींपासूनच घ्यायची, भिंतीपासून कधीही नाही. गाळ्याच्या भिंती काटकोनात असतात हा भ्रम आहे.

प्लायची पाटी ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. मॉकअपचे तुकडे या मापात पाडा, म्हणजे कापाकापी कमी. कन्सोलची उंची बदलता येईल अशी ठेवा. पायात भोकांची रांग आणि बोल्ट पुरतो.

सुरक्षेचा एकच नियम, पण तो मोडू नका. ज्याला हात किंवा पाय लागून वजन पडू शकतं ते सगळं खरंखुरं मजबूत हवं : शिडी, रेलिंग, उंबरठा, हँडल. तोल जाताना माणूस समोर दिसेल ते धरतो, ते सनबोर्डचं आहे की लोखंडाचं याचा विचार करत नाही. जे वजन घेणार नाही त्यावर लाल टेपची फुली मारा आणि प्रत्येकाला आत शिरण्याआधी दाखवा.

उभारणी झाली की मॉकअपच मोजा. ड्रॉइंग एका कागदावर, प्रत्यक्ष माप शेजारी. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दुरुस्त करा किंवा निदान लिहून ठेवा. नाहीतर पुढे कोणी विचारलं, ‘हा त्रास डिझाइनचा की तुमच्या सुताराचा?’, तर गप्प बसावं लागतं.

७. भिंतीवर समुद्र आणणं

ब्रिजच्या मॉकअपमध्ये नव्यांना सगळ्यात अवघड वाटतो तो हा भाग, आणि प्रत्यक्षात तो शाळेतल्या समरूप त्रिकोणांचा आहे.

सोलासचा नियम १ जुलै १९९८ नंतर बांधलेल्या, ५५ मीटर किंवा जास्त लांबीच्या जहाजांना लागू आहे. तो म्हणतो, की जिथून जहाज चालवलं जातं तिथून नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) पुढे जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल, त्यापलीकडचा समुद्र दिसलाच पाहिजे, समोर आणि दोन्ही बाजूंना १० अंशांपर्यंत. मालाचा भार, पाण्यातली खोली, ट्रिम (पुढे-मागे झुकाव) काहीही असो.

समजा जहाज ६० मीटर लांब आहे. दोन लांब्या म्हणजे १२० मीटर, ५०० पेक्षा कमी, म्हणून १२० धरायचे. डोळा पाण्यापासून ११ मीटर उंच आणि नाळेपासून ४५ मीटर मागे. म्हणजे डोळ्यापासून १६५ मीटरवरचं पाणी दिसायला हवं. ११ भागिले १६५, म्हणजे पंधरास एक असा उतार. आता गाळ्याची भिंत डोळ्यापासून ६ मीटरवर असेल तर ६ भागिले १५, म्हणजे ४० सेंटिमीटर. डोळ्याच्या पातळीपासून ४० सेंटिमीटर खाली भिंतीवर पांढरा टेप आडवा लावा. ती टेप कन्सोलच्या आणि खिडकीच्या खालच्या चौकटीच्या वरून दिसली, तर ब्रिजच्या बाजूनं नियम पाळला जातोय. नाळेवर तोच उतार ३ मीटर खाली येतो, म्हणजे पाण्यापासून ८ मीटर. नाळेचा बुलवर्क (डेकच्या कडेचा कठडा) किंवा तिथलं यंत्र याच्या वर गेलं तर दोष ब्रिजचा नाही, पण दिसणार काहीच नाही. तेही नोंदवा.

हे प्रत्येक माणसासाठी नव्यानं मोजावं लागतं, कारण टेप त्याच्या डोळ्याच्या पातळीपासून धरायची असते. म्हणून तीन रंगांचा टेप : बुटक्या, मध्यम आणि उंच व्यक्तीसाठी एकेक. बुटक्या व्यक्तीची टेप खाली जाते आणि कन्सोलची कड आडवी येते. उंच व्यक्तीच्या बाबतीत खिडकीची वरची कड बघा. १८०० मिलिमीटरवर डोळा असलेल्या माणसाला जहाज खाली-वर होत असताना क्षितिज दिसलं पाहिजे असं नियम म्हणतो.

खिडक्या वरच्या बाजूनं बाहेर झुकलेल्या असतात, १० ते २५ अंश, म्हणजे आतले दिवे काचेत चमकत नाहीत. प्लायमधली रिकामी भोकं मात्र कधीच चमकत नाहीत, त्यामुळे हा दोष लपतो. निदान समोरच्या दोन खिडक्यांत अॅक्रिलिकची शीट बसवा, गाळ्याला काळे पडदे लावा, सगळे दिवे घालवा, आणि स्क्रीन रात्रीच्या मंद प्रकाशावर आणून बघा. आपला मोबाइल, चार्जरचा हिरवा दिवा, कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब, सगळं काचेत येऊन बसतं.

८. माणसं बोलवा, कामं द्या

माणसं पुण्यात भरपूर आहेत. तळेगावजवळ इंदुरीला आणि लोणी काळभोरला मरीन कॉलेजं आहेत, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि प्रत्येक मोठ्या सोसायटीत एखादे निवृत्त चीफ इंजिनीयर किंवा कॅप्टन सापडतातच. फक्त कॅडेट घेऊन भागवू नका. त्यांना जहाजावरच्या सवयी अजून लागलेल्या नसतात. फक्त निवृत्त माणसंही नकोत, कारण त्यांचं मन अजून जुन्या पॅनेलवर असतं. प्रत्येक भूमिकेसाठी पाच-सहा जण, त्यात लहान आणि मोठ्या चणीचे मुद्दाम शोधून.

कॅप्टनसाहेब आणि कॅडेट एका वेळी आत सोडले तर साहेब जे म्हणतील तेच उरतं. कॅडेट ‘ठीक आहे, सर’ म्हणून मोकळे होतात. ज्या कामात टीमच तपासायची आहे तेवढं सोडून प्रत्येकाला वेगळं बोलवा, आणि मत शेवटी विचारा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान आहे’ येतं. काम द्या.

ब्रिजसाठी : पायलट (बंदरात वाट दाखवणारा) चढलाय, जहाज उजव्या बाजूनं धक्क्याला लावायचंय. व्हीएचएफ रेडिओवर बोलता बोलता ब्रिजच्या विंगमध्ये (बाजूला बाहेर काढलेल्या भागात) जा, कडेला वाकून जहाजाची बाजू बघा, तिथूनच इंजिन कमी करा. मध्येच फायर अलार्म वाजवा. वॉच (पाळी) बदलण्याचं काम रात्रीच्या अंधारात द्या.

इंजिन रूमसाठी मला फिल्टरचं काम सगळ्यात आवडतं. खऱ्या फिल्टरच्या वजनाइतकी वाळू भरलेला पीव्हीसीचा तुकडा झाकणाखाली बसवा. माणसाला बॉयलर सूट, हातमोजे, हेल्मेट, बूट घालायला लावा. एका हातात स्पॅनर, पायाशी बादली. आता काढा म्हणावं. पहिल्या मिनिटात दिसतं, की झाकण ठेवायला जागाच नाही आणि ते तो गुडघ्यावर ठेवतोय. मग कळतं, की फिल्टर सरळ वर निघतो पण वर ट्रे आहे, म्हणून तिरका करावा लागतो, आणि तिरका झाला की तेल बाहीत जाणार. ड्रॉइंगवर या सगळ्या जागी ‘१५० मिमी मोकळी’ एवढंच लिहिलेलं असतं.

मॉकअपची जमीन हलत नाही, जहाजाची हलते. म्हणून चालत्या जहाजावरच्या कामांना एक अट घाला : एक हात कायम रेलिंगवर. दोन्ही हात लागले तर ते निरीक्षण म्हणून लिहा. मॉकअप तिरका करून हलवायच्या कल्पना येतील. स्ट्रक्चरल इंजिनीयरच्या सहीशिवाय त्या मनातच ठेवा.

स्ट्रेचरची चाचणी कधीही सोडू नका, पण त्यात जिवंत माणूस बांधू नका. बॉयलर सूटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून माणसाच्या वजनाचा पुतळा करा. मालवाहू जहाजावर सुटकेचा जिना किमान ७०० मिलिमीटर रुंद आणि साधारण ४५ अंशांचा असतो, ५० च्या वर नाही. यंत्रांच्या जागेत ६० पर्यंत चालतो. रुंदी बहुधा पुरते. अडतं ते वळणावर आणि वरच्या दारात, कारण मागचा माणूस तेव्हा अजून पायऱ्यांवर असतो आणि पुतळ्याचं सगळं वजन त्याच्याकडे सरकलेलं असतं.

या सगळ्या वेळी डिझाइनरनं तोंड उघडायचं नाही. ‘अहो, ते बटण खरं तर तिथं नाहीये’ हे वाक्य निघालं की ती चाचणी संपली. डिझाइनर मंडळींना हवं तर मागे खुर्च्या द्या आणि हातात वही द्या.

९. नोंदी

एक कॅमेरा वरून, एक बाजूनं. कोणाचंही चित्रण करण्याआधी लेखी संमती घ्या आणि स्पष्ट सांगा, की परीक्षा मॉकअपची आहे, तुमची नाही. माणसानं काम करता करता मोठ्यानं विचार करत राहावं असं सुचवा. पहिल्यांदा लाजतात, मग थांबत नाहीत.

नोंदवहीत रकाने कमीच ठेवा : वेळ, काम, काय झालं, कुठे. ‘का झालं’ हा रकाना चाचणी चालू असताना भरू नका. थकवा आणि ताण मोजायला नासा-टीएलएक्स ही सहा मुद्द्यांची प्रश्नावली चांगली आहे, पण प्रत्येक कामानंतर लगेच द्या. संध्याकाळी एकत्र भरून घेतलेले फॉर्म सगळे सारखेच निघतात.

हालचालींसाठी स्वस्त उपाय म्हणजे दोरा. ब्रिजचा आराखडा बोर्डवर लावा, प्रत्येक कन्सोलवर टाचणी, आणि माणूस एका जागेवरून दुसरीकडे गेला की तिथून तिथे रंगीत दोरा. तासाभरात कुठे दोऱ्याचा जाड जुडगा झालाय ते समोर दिसतं. मोठ्या साहेबांना आलेखापेक्षा हे पटकन पटतं.

१०. कापा, हलवा, परत करा

पहिल्या दिवसाची चाचणी संपली की मिस्त्रींना सोडू नका. कन्सोल ८० मिलिमीटर खाली घ्यायचा तर त्याच संध्याकाळी घ्या आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तेच काम. बदल वाटतो तितका फुकट नसतो. कन्सोल खाली आला की गुडघे अडकतात, ट्रे हलवला की केबलची वळणं बिघडतात. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाआधी फोटो.

प्रत्येक दोषाला वजन द्या. मी तीनच वर्ग ठेवतो : माणसाला इजा होईल, माणूस चूक करेल, माणसाला त्रास होईल. पाच-सात वर्ग केले की बैठक वर्गांवरच चालते. यादीत प्रत्येक दोषासमोर पुरावा, सुचवलेला बदल, निर्णय आणि निर्णय घेणाऱ्याची सही. ‘विचाराधीन’ हा शब्द मी यादीत येऊ देत नाही. तिथे तारीख लिहितो.

ड्रॉइंगमध्ये बदल करताना मिस्त्रीच्या आठवणीवर जाऊ नका. बदललेला मॉकअप पुन्हा मोजा आणि तीच मापं नव्या रिव्हिजनमध्ये घाला.

११. उतरवण्याआधी

सगळ्या सह्या झाल्याशिवाय मॉकअप मोडू नका. गाळ्याचं भाडं चालू राहतं, तरी धरून ठेवा, कारण यार्डातून शंका येतेच. ज्या भागावरून सगळ्यात जास्त वाद झाला तो, म्हणजे बहुधा ब्रिजचा मुख्य कन्सोल किंवा जिन्याचं वळण, अख्खं उचलून यार्डात पाठवता आलं तर उत्तम. तिथल्या फोरमनला ड्रॉइंगपेक्षा ते लवकर कळतं. टेम्पो ठरवताना मापं आधी सांगा. जोडून पाठवलेला कन्सोल गाळ्याच्या शटरमधून बाहेर निघतो का, तेही मोजून ठेवा. बाकीचा प्लाय मिस्त्रीच परत घेऊन जातात, त्याचा भाव सुरुवातीलाच बोलून घ्या.